कोड उडवला तरी चेक लाईट पुन्हा लागतो? आधी बघा, किती वेळाने लागतो

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गाडी गॅरेजला जाते, स्कॅनर लागतो, कोड (दोषाचा साठवलेला क्रमांक) उडवला जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नागपूरच्या वर्धा रोडवर दिवा पुन्हा हजर. कोड उडवणं ही दुरुस्ती नव्हेच, उलट त्यात पुरावा जातो. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि लोड किती होता, हे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जपून ठेवतो. या नोंदीला फ्रीझ फ्रेम म्हणतात आणि कोडबरोबर तीही पुसली जाते. म्हणून स्कॅनर लावणाऱ्याला आधीच सांगा: "भाऊ, कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढू द्या, मग उडवा."

त्याआधी एक तातडीची गोष्ट. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, टोइंग बोलवा. दिवा स्थिर असेल, तापमानाचा काटा जागेवर असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर गाडी सावकाश घरी नेता येते.

स्वतः कोड वाचायला ब्लूटूथचा साधा ओबीडी (गाडीतले कोड वाचणारा) अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या कडेला १६ पिनांचं सॉकेट असतं. अ‍ॅडॉप्टर त्यात बसवा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका.

आता मुद्द्याचं. कोड उडवल्यावर दिवा किती वेळाने परतला, यावरून अर्धं निदान होतं.

चावी फिरवताच किंवा मिनिटभरात परतला, तर दोष बहुधा विजेच्या जोडणीत असतो: तुटलेली वायर, सैल कनेक्टर, उडालेला फ्यूज किंवा मेलेला सेन्सर. पी-०११३ (आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर), पी-०११८ (कूलंटच्या तापमानाचा) आणि पी-०१३५ (ऑक्सिजन सेन्सरचा हीटर) हे कोड याच जातीचे. नवा सेन्सर घेण्याआधी बोनेट उघडा. रात्री उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात आणि पावसात कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. कुरतडलेली वायर पिळून टेप मारली तर पुढच्या पावसात तोच कोड परत येणार. सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक चढवा.

बॅटरीही तपासा. नागपूरच्या उन्हात बॅटऱ्या लवकर जातात आणि व्होल्टेज पडलं की भलत्याच सेन्सरांचे कोड येतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवे, स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये.

काही किलोमीटरांत, विशेषतः चढावर किंवा एसी लावल्यावर दिवा परतत असेल, तर मिसफायरवर संशय घ्या. पी-०३०१ ते पी-०३०४ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी-०३०२ आला. थंड इंजिनात दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करा, कोड उडवा, गाडी चालवा. आता पी-०३०३ आला तर कॉइल गेली. पी-०३०२ च कायम राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एका सिलिंडरसाठी चारही कॉइल बदलायला सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

दोन-चार दिवसांनी परतणारा दिवा सगळ्यात जास्त छळतो. अशा तपासण्या ईसीयू सतत करत नाही, ठराविक परिस्थिती जुळली तरच करतो. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करणं ही एक फेरी) दिसले तरच दिवा लागतो आणि साधारण तीन फेऱ्या दोष दिसला नाही तर आपोआप विझतो. पी-०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, हा त्यातला नेहमीचा. अ‍ॅपमध्ये शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे आकडे) बेरीज बघा. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ती २० च्या वर असून २,५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठून तरी चोरटी हवा शिरतेय. रबरी व्हॅक्यूम पाइप आणि इनटेकचं गॅस्केट बघा, नाही सापडलं तर स्मोक टेस्ट (पाइपात धूर सोडून गळती शोधणं) करा. उलट आयडलला बरी आणि वेग वाढवताना चढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेला एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) शहरभर धूळ उडते, लोक एअर फिल्टर काढून झटकतात आणि नळीचा क्लॅम्प ढिलाच ठेवतात. एमएएफ असलेल्या गाडीत एवढ्यावरही कोड येतो. हा सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरनेच धुवा, कार्ब क्लीनर किंवा कापसाचा बोळा नको.

बाहेरून गॅस किट बसवलं असेल तर आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा. कोड आला नाही तर किटचं ट्यूनिंग करून घ्या, सेन्सर बदलू नका.

पी-०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) आला की कन्व्हर्टरचं कोटेशन हातात पडतं. घाई करू नका. आधी मिसफायर आणि सायलेन्सरच्या जोडातली गळती तपासा. गरम इंजिनात कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास स्थिर असेल तर कन्व्हर्टर सहसा जिवंत असतो. तेही ०.१ ते ०.९ असं सारखं वरखाली नाचत असेल तर खर्चाची तयारी ठेवा.

ऋतू बघूनही कळतं. डिसेंबरच्या सकाळी पी-०१२८ आला तर इंजिन वेळेत तापत नाही. विदर्भात याचं एक खास कारण आहे: उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकायचा सल्ला. त्याने गाडी तापायचं मूळ कारण जात नाही, ते रेडिएटर, पंखा किंवा कूलंटमध्येच असतं. उलट थंड इंजिनाला ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज घसरतं आणि हिवाळ्यात दिवा लागतो. थर्मोस्टॅट परत बसवा.

बीएस-६ डिझेल गाडी फक्त सीताबर्डी-धरमपेठेत, म्हणजे शहरातच, फिरत असेल तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळायला हवी तेवढी उष्णता मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागताच टाकीत पुरेसं डिझेल ठेवून आउटर रिंग रोडवर वीसेक मिनिटं ६० च्या वर, २,००० आरपीएम राखत चालवा. मधेच इंजिन बंद करू नका.

दुरुस्ती झाल्यावर अ‍ॅपमध्ये रेडीनेस मॉनिटर (ईसीयूच्या कोणत्या तपासण्या पूर्ण झाल्या त्याची यादी) बघत राहा. कोड उडवला की ते अपूर्ण होतात आणि शहर, हायवे, थंड स्टार्ट अशा फेऱ्यांनंतर एकेक पूर्ण होतात. सगळे पूर्ण होऊनही दिवा विझलेला राहिला तरच काम झालं समजा. सेकंडहँड गाडी बघायला जाताना हाच अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा. दिवा बंद पण मॉनिटर अपूर्ण दिसले तर बॅटरी नुकती काढली होती का, ते विचारा. नसेल, तर कोड बहुधा तुम्ही यायच्या जरा आधी उडवलेला आहे.