ॲडमिनचा पासवर्ड नसताना लिनक्सवर लिबरऑफिस कसं बसवावं

लिनक्सवर काही बसवायला गेलं की पासवर्ड विचारला जातो, आणि तो आपल्याकडे नसला की बरेच जण तिथेच थांबतात. खरं तर पासवर्ड लागतो तो सगळ्यांच्या सामायिक फोल्डरांत फाइली टाकायच्या असतात म्हणून. आपलं होम फोल्डर आपलंच असतं, आणि लिबरऑफिस हा पत्रं, तक्ते वगैरे करायचा मोफत प्रोग्रॅम तिथूनही व्यवस्थित चालतो. फक्त संगणक कार्यालयाचा असेल तर तिथले नियम आधी विचारून घ्या.

आधी मेनूत शोधून बघा. बऱ्याच लिनक्समध्ये लिबरऑफिस मुळातच दिलेलं असतं.

नसेल, तर सोपा मार्ग ॲपइमेजचा. सगळा प्रोग्रॅम एकाच फाइलीत असतो, ती फाइल चालवली की झालं. लिबरऑफिसच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ती उतरवा, दुसरीकडून नको. तिथे बेसिक, स्टँडर्ड आणि फुल असे प्रकार दिसतील. मराठी मेनू हवा असेल तर फुल घ्या, कारण सगळ्या भाषा त्यात असतात. फ्रेश म्हणजे नवी आवृत्ती, स्टिल म्हणजे थोडी जुनी पण मुरलेली. रोजच्या कामाला मी स्टिलच सुचवेन.

होममध्ये ‘ॲप्स’ नावाचं फोल्डर करून फाइल त्यात हलवा. डाउनलोड्समध्ये ठेवू नका, एखाद्या दिवशी साफसफाईत ती उडते. मग फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि ‘एक्झिक्यूटेबल’ शब्द असलेला पर्याय चालू करा. नेटवरून आलेली फाइल लिनक्स आपणहून चालवत नाही, म्हणून हे एकदा करावं लागतं. आता डबल क्लिक करा.

काहीच उघडलं नाही तर घाबरू नका. जुन्या पद्धतीच्या ॲपइमेजला फ्यूज २ ही लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारा मदतनीस भाग) लागते, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात २२.०४ आवृत्तीपासून ती आधीपासून बसवलेली नसते. ती बसवायला पुन्हा पासवर्ड हवाच! त्यावर उपाय आहे. ‘ॲप्स’ फोल्डरमध्ये टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) उघडा आणि फाइल माउसने ओढून टर्मिनलवर सोडा, तिचा पत्ता आपोआप उमटतो. पुढे एक जागा सोडून दोन डॅश, ‘ॲपइमेज’, एक डॅश, ‘एक्स्ट्रॅक्ट’ हे इंग्रजी लहान अक्षरांत सलग टंका आणि एंटर दाबा. ‘स्क्वॉशएफएस-रूट’ नावाचं फोल्डर तयार होईल. त्यातली ‘ॲपरन’ फाइल चालवली की लिबरऑफिस उघडतं, फ्यूजशिवाय.

एवढं करूनही परवानगी नाकारली जात असेल, तर होममधून प्रोग्रॅम चालवणंच ॲडमिनने बंद केलेलं असू शकतं. तिथे त्यांनाच सांगावं लागेल.

मेनू मराठीत करायला टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या विभागात यूजर इंटरफेस मराठी निवडा आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. मराठी मजकुराऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट नाही असं समजा. तोही पासवर्डशिवाय बसतो: फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात ‘फॉन्ट्स’ (नसेल तर तयार करा), आणि फॉन्टची फाइल तिथे टाका.

नवी आवृत्ती आपोआप येणार नाही, अधूनमधून स्वतः उतरवून जुनीच्या जागी ठेवावी लागते. सेटिंग्ज होममधल्या वेगळ्या लपलेल्या फोल्डरात राहतात, त्यामुळे फाइल बदलली तरी त्या जात नाहीत.