लांबलचक अहवाल कानाने वाचताना

सांगलीत एम.ए.ला नव्याने आलेली दृष्टिहीन मुलं मला आधी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आवाजाच्या वेगाबद्दल विचारतात. वेग सवयीने वाढतोच. त्यापेक्षा शेकडो पानांचा अहवाल ऐकून झाल्यावर त्यातलं हवं ते वाक्य पुन्हा सापडेल का, याचा विचार पहिल्या दिवसापासून करा.

माझा विषय कृष्णेचं पाणी. राज्यांमधल्या पाणीवाटपासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाचा निवाडा, २०१९च्या महापुरानंतरचा वडनेरे समितीचा अहवाल, असलं वाचन रोजचंच. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते. तो मोफत आहे, म्हणून त्याच्याच कळा सांगते.

फाइल उघडली की लगेच ऐकायला बसू नका. इन्सर्ट-एफ७ दाबून मथळ्यांची यादी काढा. डोळस माणूस पानं चाळतो, तसं आपलं हे चाळणं. वर्डमध्ये इन्सर्ट-स्पेसने ब्राउझ मोड चालू केला, की एच दाबत एकेका मथळ्यावर जाता येतं. पुष्कळदा मथळे नुसतेच ठळक केलेले असतात आणि यादी रिकामी निघते. मग ब्राउझ मोड बंद करून, अनुक्रमणिकेतला एकेक मथळा शोधून त्यावर कंट्रोल-ऑल्ट-१ दाबायचं, म्हणजे वर्डच्या लेखी तो मथळा होतो. काम कंटाळवाणं आहे, पण मोठ्या अहवालासाठी मी ते टाळत नाही.

आता नोंदी. मजकूर पानावर वर होता की खाली, हे डोळ्यांना आठवतं. ऐकणाऱ्याला तशी खूण मिळत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला पत्ता हवाच: प्रकरण, परिच्छेद, पान. छापील पानाचा आकडा आणि पीडीएफचा आकडा बहुधा जुळत नाहीत, तेव्हा दोन्ही लिहा. इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून सलग ऐकायचं, महत्त्वाचं आलं की कंट्रोलने थांबवायचं, ऑल्ट-टॅबने नोंदींच्या फाइलमध्ये जाऊन एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि परत यायचं. प्रकरण संपल्यावर एकदम लिहू म्हणाल, तर निम्मं निसटलेलं असतं. नोंदींच्या फाइललाही मथळे द्या. तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री एच दाबत सगळा विषय फिरून येतो.

आकडे मात्र कधीच ऐकून लिहू नका. महाराष्ट्राच्या वाट्याचे ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) ऐकताना सोपे वाटतात, पण तक्त्यात असे आकडे रांगेने येतात आणि कोणता कोणत्या स्तंभातला ते कळेनासं होतं. कंट्रोल-ऑल्ट आणि बाण वापरून एकेका चौकटीत जा, स्तंभाचं नाव ऐका आणि आकडा कॉपी करून चिकटवा. गावांची, माणसांची नावंही अक्षर-अक्षर ऐकून घ्या.

मराठी पीडीएफचं दुखणं वेगळंच. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल असेल, तर मराठी आवाज लावूनही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ ऐकू येतो. पहिल्याच ओळीला हे कळतं. असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला मराठी म्हणून वाचता येणाऱ्या लिपीत, बदलून घ्यावा लागतो. पानं नुसती स्कॅन केलेली असतील, तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी बऱ्यापैकी ओळखलं जातं. तरी घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते. आकड्यांची पानं मी डोळस मैत्रिणीकडून ताडून घेते, आणि तुम्हीही यात संकोच करू नका.

पाठ्यपुस्तकांसाठी आधी सुगम्य पुस्तकालय हे छापील वाचता न येणाऱ्यांसाठीचं ग्रंथालय बघा. २०१६ पासून ते ऑनलाइन आहे. तिथं नसेल तर प्रकाशकाकडे युनिकोडमधली वर्ड फाइल मागा. पत्रात कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीचा उल्लेख करा, कारण अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायला त्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. पत्र सत्र सुरू होण्याआधीच पाठवा, उत्तराला वेळ लागतो.