पानातला स्फुरद तपासायचा तर एका पानावर भागत नाही

बालाघाटावर आमच्या रानाचे दोन तुकडे आहेत. एक ओढ्याकडचं काळं. दुसरं वरचं बरड, जिथं वखर जरा खोल गेला की मुरूम लागतो. दोन्हीकडं एकाच वाणाचं सोयाबीन, एकाच दिवशी पेरलेलं. ओढ्याकडचं चाळीस दिवसांत ओळी झाकतं. बरडावरचं गुडघ्याच्या खालीच राहतं, पानं बारीक आणि काळपट हिरवी. वडील बांधावर उभं राहून म्हणायचे, "रंग तर चांगला हाय, मग वाढंना का?"

त्या रंगातच उत्तर होतं. नत्र कमी पडलं की पान पिवळं पडतं. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की पानाचा पसारा थांबतो आणि हिरवेपणा तेवढ्याच जागेत दाटतो. ज्वारी-मक्यात पुढं खालच्या पानांवर जांभळी झाकही येते. मात्र कपाशीचं पान लाल झालं म्हणून स्फुरद ओतू नका. लाल्यामागं बहुतेक वेळा मॅग्नेशियमची किंवा नत्राची कमतरता आणि रात्रीची थंडी असते.

आधी पानातला स्फुरद कुठं कुठं असतो ते समजून घ्या, म्हणजे नमुना घेताना हात चुकणार नाही. काही भाग पेशीच्या पोकळीत नुसता साठून असतो, कणगीतल्या धान्यासारखा. काही पेशींच्या पडद्यांतल्या चरबीत गुंतलेला असतो. मोठा वाटा आरएनएमध्ये, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमांत असतो. आणि थोडा साखरेच्या व ऊर्जेच्या देवघेवीत सतत फिरत राहतो. टंचाई आली की आधी कणगी रिकामी होते. मग झाड पडद्यांतली स्फुरदाची चरबी काढून तिथं साखरेची आणि गंधकाची चरबी बसवतं. आरएनएला हात लावायला मात्र ते बिचकतं, कारण ते घटलं की वाढच घटते.

हे टोकाला नेलेलं बघायचं तर ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली बँक्सियाच्या कुळातली झाडं बघावीत. तिथली माती जगातल्या सर्वांत निकस मातींपैकी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स लॅम्बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही झाडं पान पक्कं होता होता पडद्यांतली स्फुरदाची चरबी मोठ्या प्रमाणात बदलून टाकतात, रायबोसोमही मोजकेच ठेवतात. उरलेला स्फुरद प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या आतल्या पेशींना देतात, वरच्या सालीला फारसा देत नाहीत. आपलं सोयाबीन इतकं काटकसरी नाही. पण एक गोष्ट तेही करतं: जुन्या पानातला स्फुरद काढून कोवळ्या पानाला देतं. म्हणून शेंड्याचं पान ठीक दिसलं तरी झाड तंगीत असू शकतं.

तेव्हा नमुना जोडीनं घ्या. फुलोरा सुरू झाला की, शेंगा धरायच्या आधी, वरून पूर्ण उघडलेलं तिसरं पान घ्या, आणि त्याच झाडाचं खालचं, अजून हिरवं असलेलं एक. दोन्ही वेगळ्या पिशव्यांत. बऱ्या तुकड्यातून तीस-चाळीस झाडं आणि खुरट्या तुकड्यातून तेवढीच, म्हणजे चार पिशव्या होतात. बांधाकडची, रोगट, किडीनं खाल्लेली झाडं सोडा. दव उडाल्यावर सकाळी तोडा, चटकन साध्या आणि मग डिस्टिल्ड पाण्यातून काढा. भिजत घालू नका. सावलीत सुकवून कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये पानं घामेजतात आणि सडतात.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. झिरो बावन्न चौतीस, म्हणजे स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत, फवारलं आणि चौथ्या दिवशी पानं तोडली. अहवालात स्फुरद भरपूर आला. मी निर्धास्त झालो, आणि बरडावरच्या शेंगा निम्म्या पोचट निघाल्या. पानावर चिकटलेलं आणि पोकळीत नुसतं साठलेलं सगळं त्या आकड्यात मोजलं जातं. फवारणीच्या आधीच नमुना घ्या.

सोयाबीनच्या वरच्या पक्व पानात या वेळी साधारण ०.२६ ते ०.५० टक्के स्फुरद पुरेसा मानतात. पण मी आधी वरच्या-खालच्या पानांतलं अंतर बघतो. बऱ्या तुकड्यात ते कमी आणि खुरट्यात जास्त असेल, तर झाड खालची पानं मोडून खातंय.

तुरीसाठी अजून एक मोजमाप करता येतं. हिरवी पक्व शंभर पानं आणि हात लावताच गळणारी पिवळी शंभर पानं सुकवून वजन करा आणि तपासायला द्या. समजा हिरव्यात ०.२४ टक्के आणि पिवळ्यात ०.१० आले, तर झाडानं गळण्याआधी सुमारे ५८ टक्के स्फुरद परत घेतला. पान पिवळं पडताना हलकंही होतं, म्हणून परत घेतलेली खरी मात्रा याहून जास्त असते. शंभर पानांच्या वजनाला टक्केवारीनं गुणून हिशेब केला की ती नेमकी कळते. यातून एक गोष्ट मला उशिरा उमगली: तुरीचा पाला रानात पडला तर सेंद्रिय कर्ब वाढतो, पण त्या पाल्यावर स्फुरदाची भिस्त ठेवू नये. शेणखत लागतंच.

आता बरडाचं काय करायचं? आमच्या मातीत चुनखडी आहे. तिथं वरून पसरून टाकलेला स्फुरद चुन्याला धरून बसतो आणि मुळाच्या हाती लागत नाही. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीनं (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) बियाण्याच्या बाजूला, थोडा खाली पेरून द्या. मी तिथं डीएपी खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरतो, कारण त्यात गंधकही येतं आणि तेलबियांना ते लागतंच. रब्बीत हरभरा घ्या. त्याची मुळं आम्ल सोडून चुन्यातला स्फुरद मोकळा करतात. पुढच्या हंगामात पुन्हा त्याच ओळींतून, त्याच अवस्थेत चार पिशव्या भरा, आणि पिशवीवर तारीख, तुकडा, पान वरचं की खालचं, हे पेन्सिलीनं लिहा. पेनची शाई ओलीनं पसरते.