नवीन मॅन्युअल सेडान घेतलीय? पहिले १५०० किलोमीटर असे काढा

गाडी घरी आली त्या दिवशी आप्पांनी दारातच विचारलं, "आरं, एवढी बसकी गाडी घिऊन काय करणार हाईस, उंच घ्यायची की एखादी." शेजारच्या काकूंचं वेगळंच, आता सगळी पोरं ऑटोमॅटिक घेतात, तू क्लच दाबत कशाला बसलास. तेव्हा दोघांनाही नीट उत्तर देता आलं नाही. आता महिना झालाय, मीटर १६०० च्या पुढं गेलाय आणि या महिन्यात जे जे कळलं ते आत्ता गाडी बुक करून वाट बघत बसलेल्या पोरांसाठी लिहितोय. मुद्दा एकच आहे, या गाडीची सगळी मजा योग्य वेळी योग्य गिअरमध्ये असण्यात आहे, ते जमायला डावा पाय आणि कान दोन्ही तयार व्हावे लागतात आणि त्यासाठीच पहिले हजार-दीड हजार किलोमीटर असतात, ते घाईत घालवू नका.

मी घेताना समोर फोक्सवॅगनची व्हर्टस, स्कोडाची स्लाविया आणि ह्युंदाईची व्हर्ना होत्या, तिन्ही टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा), तिन्हीला सहा गिअर. व्हर्टस आणि स्लावियाच्या १.५ लिटर इंजिनात १५० पीएस ताकद आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, व्हर्नाच्या १.५ टर्बोत १६० पीएस आणि २५३ एनएम. माझी यातलीच एक आहे पण पुढचं सगळं तिघींनाही लागू पडतं.

डिलिव्हरी संध्याकाळी घेऊ नका. शोरूमच्या लाइटमध्ये बारीक ओरखडे दिसतच नाहीत, दुपारी उन्हात गाडी बाहेर काढायला सांगा आणि एकेक पॅनेल तिरकं वाकून बघा. चासी नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा, स्टेपनी आणि जॅक आहे का बघा, पाचही टायरवरचे तारखेचे चार आकडे वाचा, २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. आणि हवा चेक करा, हे लोक विसरतात. कारखान्यातनं गाड्या येताना टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते, ती कमी करून द्यायची असते, माझ्या गाडीत चारही टायरला ४४ पीएसआय होती, दोन दिवस मी समजत होतो की सस्पेन्शनच कडक आहे, प्रत्येक खड्डा पाठीत बसत होता. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत हवेचं स्टिकर असतं, त्याप्रमाणे केली आणि गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली.

मग पूजा. अंबाबाईला आणि जोतिबाला गाडी दाखवायची हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको, फक्त दोन गोष्टी करा. बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं की त्याच संध्याकाळी भरपूर पाणी ओतून धुवा, कोरड्या फडक्यानं घासू नका. आणि जोतिबाच्या डोंगरावर काचा वर, एसी आतल्या हवेवर ठेवा. मी एक काच चार बोटं उघडी ठेवली होती, तर स्टेअरिंगच्या शिलाईत, दोऱ्याच्या प्रत्येक टाक्यात गुलाल जाऊन बसला, दात घासायचा मऊ ब्रश घेऊन अर्धा तास काढला तरी एका बाजूला अजून गुलाबी झाक आहे. ती राहू दे म्हणतो आता, देवाची आहे.

आता खरं काम. सीट आधी लावा, क्लच पूर्ण तळाला दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताणून बोटांनी दाबायला लागत असेल तर सीट पुढं घ्या. कंपनीच्या मॅटवर दुसरं जाड मॅट टाकू नका, क्लच तळापर्यंत जात नाही आणि मग गिअर खरखर करत पडतो. आणि आपल्याकडची सवय म्हणजे कोल्हापुरी चप्पल. बघा, चप्पल आपली शान आहे पण मागं पट्टा नाही, कातडी तळ पेडलवर घसरतो, आणि सुटली तर ब्रेकखाली जाऊन अडकू शकते. माझे जुने कॅनव्हासचे बूट आता मागच्या सीटच्या खाली कायम पडलेले असतात, गाडीत बसलो की चप्पल काढून ते घालायचे.

पहिल्या रविवारी पहाटे रंकाळ्याला जा, रस्ता मोकळा असतो. सपाट जागा बघून पहिला गिअर टाका आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच हळू हळू सोडा. एका जागेवर गाडीचं नाक किंचित उचलल्यासारखं होतं, आवाज बदलतो, तिथं तुमचा क्लच धरतो. दहा वेळा करा, वीस वेळा करा. प्रत्येक गाडीत ती जागा वेगळी असते, माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये ती एकदम वर होती, इथं निम्म्यातच, त्यामुळं पहिल्या दिवशी कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी दोनदा बंद पडली आणि मागनं हॉर्न सुरू. अशा वेळी घाबरायचं नाही, क्लच पूर्ण दाबायचा, चालू करायची, शांतपणे निघायचं. गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरनं काढून बाजूच्या पट्टीवर ठेवा, नुसता टेकवलेला पायसुद्धा क्लच प्लेट खातो. हातही तसाच, गिअरच्या गोळ्यावर विश्रांतीला ठेवायचा नाही.

चढावर या गाड्यांत हिल होल्ड असतं, ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी धरून ठेवतं, तेवढ्यात निघायचं. पण चैत्रात जोतिबाच्या वाटेवर गाड्यांची रांग लागली की दर दोन मिनिटांनी चार फूट पुढं, तिथं हँडब्रेकच वापरा. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी चढाला तोलून धरणारे खूप बघितलेत, तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही, जळक्या रबरासारखा आणि कडवट, आणि तो वास म्हणजे तुमचे पैसे जळतायत.

रनिंग-इन, म्हणजे नवीन इंजिन सुरवातीला जपून चालवणं, त्याबद्दल लोक म्हणतात आताच्या इंजिनाला काय लागत नाही. माझा मावसभाऊ शिरोली एमआयडीसीत मशिनिंगला आहे, त्यानं समजावलं ते मला पटलं. सिलिंडरच्या बोअरला, म्हणजे आतल्या भिंतीला, होनिंग करून (बारीक घासून) मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून घासून आपली जागा करतात, हे काम पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच होतं. म्हणून पहिले १००० किलोमीटर फुल अ‍ॅक्सिलरेटर नाही, इंजिन त्याच्या कमाल फेऱ्यांच्या (मिनिटाला किती वेळा फिरतं ते, आरपीएम) दोन तृतीयांशाच्या आत, म्हणजे या गाड्यांत साधारण ४००० पर्यंत. आणि एकाच स्पीडला तासभर चालवू नका, म्हणजे गाडी मिळाल्या मिळाल्या हायवेनं सरळ पुण्याला जाऊ नका, फेऱ्या खालीवर होऊ द्यात, शहर, थोडा चढ, थोडा हायवे असं मिसळून चालवा. नवीन ब्रेक पॅडही पहिले दोन-तीनशे किलोमीटर पूर्ण धरत नाहीत आणि नवीन टायर सुरवातीला गुळगुळीत असतात, पावसात तर जास्तच जपा.

गिअर कुठला कधी हे पुस्तकातनं येत नाही, कानानं येतं. या टर्बोचा जोर १५००-१६०० फेऱ्यांपासून ३५०० पर्यंत असतो, त्याच्या खाली इंजिन झोपलेलं. राजारामपुरीत तीसच्या स्पीडला चौथा टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी घुमते, थरथरते, पुढं जात नाही, तिथं तिसरा नाहीतर दुसरा पाहिजे. डॅशबोर्डवरचा बाण सारखा वरचा गिअर टाक म्हणून सांगतो, तो पेट्रोल वाचवायला आहे, चढावर त्याचं ऐकू नका. मला हे आप्पांनी शिकवलं. पन्हाळ्याला निघालो होतो, शिवाजी पूल, केर्ली करत वाघबीळ आलं, पुढं चढ सुरू झाला आणि मी चौथ्यातच होतो. गाडी चढत होती पण आवाज जड झाला होता, माझ्या ते लक्षात नव्हतं. आप्पांनी उमेदीची सगळी वर्षं जीप चालवलीय. बाजूला बसून रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तिसरा टाक, दमली ती." तिसरा टाकला आणि गाडी अशी हलकी झाली की ते स्वतःच हसले. त्यानंतर बसकी गाडी हा विषय घरात निघाला नाही.

साखर कारखाने सुरू झाले की मात्र खरी परीक्षा. बिद्री, कुंभी-कासारी, शाहू, वारणा, कुठल्याही बाजूला जा, पुढं ट्रॅक्टर आणि त्याला दोन ट्रॉल्या ठरलेल्या, ऊस दोन्ही बाजूला हातभर बाहेर, टेपवर गाणी एवढी मोठ्यानं की तुमचा हॉर्न त्याला ऐकूच जात नाही, आणि रात्री मागं लाल दिवाही नसतो बऱ्याचदा. अशा वेळी ओव्हरटेकला बाहेर पडून मग गिअर शोधायचा नाही, मागं असतानाच तिसऱ्यात या, अंतर ठेवा म्हणजे पुढचं दिसतं, रस्ता रिकामा दिसला तरच निघा आणि दोन्ही ट्रॉल्या पार होईपर्यंत तिसऱ्यातच राहा. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, समोरचाही ६० नं येत असेल तर मधलं अंतर सेकंदाला ३३ मीटरनं संपतंय, मध्येच गिअर बदलण्यात एक सेकंद घालवणं परवडत नाही. शंका आली तर मागंच थांबा, ट्रॅक्टर फाट्याला वळतोच.

घाट उतरताना सोपा नियम, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल अजिबात नाही, ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. चढणाऱ्याला वाट द्या. राधानगरी-दाजीपूरवरनं फोंडा घाटाकडं जाणार असाल तर संध्याकाळच्या आत जंगल पार करा, तिथं गवे रस्त्यावर येतात आणि काळं जनावर अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसतं. गगनबावड्याला पावसाळ्यात पहिल्या महिन्याची गाडी नेऊ नका, तिकडचा पाऊस आणि धुकं अनुभवी माणसालाही थांबवतं. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट तशीच चालू ठेवा, टर्बो थोडा निवतो.

स्पीडब्रेकर हे बसक्या गाडीचं दुखणं आहे. व्हर्टस-स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १७९ मिलिमीटर आहे, पाच माणसं आणि डिकी भरली की तो कमी होतो. लोक स्पीडब्रेकरवर चढेपर्यंत ब्रेक दाबून ठेवतात, त्यानं नाक खाली वाकतं आणि तेच घासतं. ब्रेक आधी मारा, दुसऱ्यात या, चाक टेकायच्या क्षणी ब्रेक सोडा, नाक वर येतं. फार उंच असेल तर थोडं तिरकं घ्या, एकेक चाक चढू द्या. आमच्या गल्लीच्या तोंडाचा स्पीडब्रेकर आता मी असाच घेतो, एकदाही घासली नाही.

पाण्याचं तेवढं मनावर घ्या. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आकडे आपल्याला पाठ असतात, पण गाडी हलवायला लोक ४३ ची वाट बघतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं होतं, तेव्हा नदीकाठच्या बाजूला राहात असाल तर ३९ लाच गाडी उंचावर नेऊन लावा. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, कितीही वाटलं तरी नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन खोलायला लागतं. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यामुळं इन्शुरन्स करताना इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन घ्या, कोल्हापुरात तर घ्याच.

अ‍ॅव्हरेज पहिल्याच टाकीवरनं ठरवू नका. मला शहरात ११ आला आणि पोटात गोळा आला होता, तिसऱ्या टाकीपर्यंत तो १३ वर गेला, हायवेला १८ मिळाला. पडद्यावरचा आकडा बघू नका, टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, परत फुल करून भागाकार करा. व्हर्टस-स्लावियाच्या १.५ मध्ये हलक्या पायानं चालवलं की चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात, ते सपाट रस्त्यावर एकसारखं चालवताना जास्त होतं.

हजार किलोमीटर झाले की पहिल्या चेकअपला जा, ऑइलची पातळी, चाकांचे नट, अलाइनमेंट आणि खालचं कव्हर घासलंय का हे समोर उभं राहून बघा. त्यानंतर १५०० पर्यंत फेऱ्या हळूहळू वाढवत न्या. माझे १५०० झाले त्या रविवारी सकाळी सहाला मी गोकुळ शिरगावकडनं सर्व्हिस रोडनं हायवेला लागलो, सहापदरीचं काम चालू असलेला भाग मागं टाकला, आरशात कोणी नाही, पुढं कागलपर्यंत रस्ता मोकळा. इंजिन तापलेलं होतं. चाळीसला तिसरा टाकला आणि पहिल्यांदाच पाय पूर्ण खाली नेला. क्षणभर काहीच नाही, मग टर्बोची बारीक शिट्टी ऐकू आली, पाठ सीटला टेकली आणि फेऱ्यांचा काटा एका श्वासात ४००० च्या वर गेला, असा झटक्यात तो त्या आधी एकदाही गेला नव्हता. नव्वदला चौथा, मग सरळ सहावा टाकून शंभरच्या आत आलो आणि कागलला चहा प्यायला थांबलो.