ग्रिप डुगडुगत होती, दोष माझाच

टेक्सासला आल्यावर घेतलेली रेमिंग्टन ८७० शॉटगन, १२ बोअर. तिचा खांद्याला टेकायचा दस्ता काढून पिस्तूल ग्रिप, म्हणजे पिस्तुलासारखी आखूड मूठ, बसवायची होती. आधी बंदूक रिकामी केली, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून दोनदा खात्री केली. दस्त्यामागच्या रबरी पॅडचे दोन स्क्रू आत खोल दडलेले असतात; स्क्रूड्रायव्हरला भांड्याचा साबण लावला की रबर फाटत नाही. आतला लांब बोल्ट मात्र जाड पात्याचा लांब स्क्रूड्रायव्हर मिळेपर्यंत हटला नाही.

नवी पिस्तूल ग्रिप बसवली तर डुगडुगते! आवळून आवळून हात दुखले. शेवटी दिसलं, बॉडी आणि दस्त्यामधली छोटी धातूची पट्टी जुन्या दस्त्यालाच चिकटून राहिली होती. ती मध्ये घातली, हलणं बंद.

एकूण लांबी २६ इंचांखाली गेली नाही ना, तेही टेपने मोजलं. अमेरिकेचा केंद्रीय कायदा आहे. खांद्याचा टेकू गेल्याने धक्का आता मनगटाला बसतो, एवढंच.