किडनीच्या कॅन्सरचा धोका तपासायचा, तर घरातल्या गोळ्यांची यादी अशी करा

विडी-सिगारेट, वाढलेलं वजन आणि चढलेलं बीपी ही किडनीच्या कॅन्सरची तीन ठळक कारणं. धूम्रपान आजच सोडा. वजन महिन्याला, बीपी आठवड्याला वहीत लिहा. एवढं जमतं.

माणसं अडतात गोळ्यांच्या यादीशी. मीही अडले होते. आमच्या आबांना विचारलं, तर म्हणाले, "बीपीची एक गोळी, बास." दिवाळीत त्यांचा कोट झटकताना दुखण्याच्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या पट्ट्या पडल्या; चौथी स्कूटरच्या डिकीत सापडली. गुडघ्यासाठी रोज मळ्यात जाताना एक गोळी, कित्येक वर्षं. त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं! अशा रोजच्या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनी झिजते आणि काही अभ्यासांत किडनीच्या कॅन्सरशीही संबंध दिसला आहे. फेनॅसेटिन हे जुनं वेदनाशामक तर किडनी आणि मूत्रमार्गाच्या नुकसानीमुळेच अनेक देशांत बंद झालं.

म्हणून गोळ्या विचारू नका, दुखणं विचारा. "गुडघा धरला की काय घेतासा? डोकं चढलं की? कंबर?" महिनाभर रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत साठवा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालचं बारीक वाचा: डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. दोन रंगांच्या पट्ट्यांत एकच औषध निघतं. मेडिकलवाला पट्टी कापून चारच गोळ्या देतो तेव्हा नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं. तिथंच फोटो काढा.

वजन उतरवायच्या, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही पिशवीत टाका. त्या मी घरात ठेवूच देत नाही. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात अ‍ॅरिस्टोलोकिया ही वनस्पती आली, बायकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर निघाला. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, हे मला कुणी सांगू नये.

आणि कुणाचं तरी ऐकून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. धोका चढलेल्या बीपीचा आहे. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिनही तशीच चालू ठेवा.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत सुट्या भागांचं तेल-ग्रीस धुणाऱ्यांनी डब्यावर ट्रायक्लोरोइथिलीन लिहिलंय का बघावं. त्यानं किडनीचा कॅन्सर होतो. असेल तर तेही यादीत लिहा.

पिशवी, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीत एकदाच रक्त दिसलं, दुखलं नाही, आपोआप थांबलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा आणि सोनोग्राफीचं विचारा.