थॉमसन द्राक्षातलं बी कुठं गेलं? जीनोम डेटाबेसमध्ये शोधायची रीत

आमची तासगावला द्राक्षबाग आहे आणि मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मागच्या हंगामात मणी फुगवणाऱ्या जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवताना आप्पा म्हणाले, "मण्यात बी असतं तर फुगवणीसाठी हे करावं लागलं नसतं. पण बी गेलं कुठं गं?" त्याच संध्याकाळी लॅपटॉपवर त्यांना उत्तर दाखवलं. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. मोबाईलवर मात्र करू नका, तक्ते नीट दिसत नाहीत.

थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षात फलन होतं, बी धरायला लागतं, पण त्याचं टणक आवरण बनत नाही आणि ते अर्ध्यातच थांबतं. मणी उभा चिरला की मऊ खूण सापडते. हे आवरण घडवण्यात एजीएल११ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा आहे. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात त्याचा भाऊबंद आहे, त्याला सीडस्टिक असंही म्हणतात. सुरुवात तिथून करा.

युनिप्रॉट हा प्रोटीनांचा डेटाबेस उघडून एजीएल११ आणि अरॅबिडॉप्सिस असं इंग्रजी अक्षरांत शोधा. प्रोटीनच्या पानावर खाली अक्षरांची लांब माळ असते (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल), ती कॉपी करा. मग एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावरच्या ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या साधनात प्रोटीन ब्लास्ट निवडा, मोठ्या चौकटीत माळ चिकटवा आणि ऑर्गॅनिझमच्या चौकटीत व्हिटिस व्हिनिफेरा हे द्राक्षाचं शास्त्रीय नाव इंग्रजीत लिहा. खाली सुचवलेलं नाव आलं की त्यावरच क्लिक करा, नाहीतर सगळ्या सजीवांचा ढीग पुढ्यात येतो.

खरं काम इथून पुढं. निकालात एक सोडून कितीतरी प्रोटीनं येतात आणि बहुतेकांची ई-व्हॅल्यू अगदी शून्याजवळ असते. ई-व्हॅल्यू म्हणजे एवढं साम्य निव्वळ योगायोगानं किती वेळा सापडेल याचा अंदाज. जितकी लहान तितकं चांगलं. पण हे जनुक मॅड्स-बॉक्स घराण्यातलं. या घराण्यात प्रोटीनची सुरुवातीची साधारण साठ अक्षरं सगळ्यांची जवळजवळ सारखी असतात, त्यामुळं चुलतभाऊही सख्खा वाटतो. पहिल्या खेपेला मी फक्त ई-व्हॅल्यू पाहिली आणि भलतंच प्रोटीन धरलं. म्हणून क्वेरी कव्हर (आपल्या माळेचा किती भाग जुळला) आणि साम्याची टक्केवारी दोन्ही बघा, आणि जुळणी उघडून शेपटाकडचा भाग मिळतो का ते डोळ्यांनी तपासा. ओळख तिथंच पटते.

बरोबर प्रोटीन मिळालं की १९७ व्या जागेवर जा. तिथं आर, म्हणजे आर्जिनिन दिसायला हवं. नाही दिसलं तर त्याच जनुकाचा दुसरा प्रकार उघडला असेल, यादीतला पुढचा बघा. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षात या जागी आर्जिनिनऐवजी एल, म्हणजे ल्युसिन येतं, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे. वेलीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एकीत बदल असला तरी पुरतं.

"मग इथं आर का दिसतोय?" आप्पांनी लगेच विचारलं. कारण संदर्भ म्हणून वापरला जाणारा जीनोम (सगळ्या डीएनएचा संच) आपल्या द्राक्षाचा नाहीच. तो पहिल्यांदा २००७ साली प्रसिद्ध झाला, वाइनच्या द्राक्षापासून तयार केलेल्या पीएन४००२४ या वेलीचा आहे आणि तिच्या द्राक्षाला बी असतं. डेटाबेसमधलं द्राक्ष म्हणजे आपल्या बागेतलं द्राक्ष नव्हे, हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

हेच जनुक एन्सेम्बल प्लांट्स या वनस्पतींच्या जीनोमच्या संकेतस्थळावर १८ व्या गुणसूत्रावर सापडतं. शेजारची जनुकंही दिसतात, थोडा वेळ तिथं फिरा. थॉमसनचीच माहिती हवी असेल तर एनसीबीआयच्या एसआरए या कच्च्या डीएनए-माहितीच्या साठ्यात 'सुलतानिना' हे त्याचं जुनं नावही टाकून बघा. आमच्या बागेतला तास-ए-गणेश हा वाण थॉमसनमधूनच निवडलेला, म्हणून त्यातही एल असणार असं मी आप्पांना सांगितलं. पण आमच्या वेलीचा डीएनए कुणी वाचलेला नाही, तेव्हा ते अजून नुसतं अनुमान आहे.